सर्व्हरचा पोर्ट (नेटवर्कवरून प्रोग्रॅमकडे जायचं क्रमांकाचं दार) उघडाय का ते बघायला एसएस (ss) कमांड की एनमॅप (nmap)?

दोन्ही चालतात, पण दोघांचं काम वेगळंय. एसएस सर्व्हरच्या आत बसून सांगतं की कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर कान लावून बसलाय, सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने) आणि -p लावून चालवलं की प्रोसेसचं नाव पण येतं, आणि एका सेकंदात काम होतं. याच कामाचं जुनं नेटस्टॅट अजून वापरत असाल तर सोडा आता. एसएसमध्ये मायएसक्यूएल डेटाबेससमोर १२७.०.०.१:३३०६ (म्हणजे फक्त त्याच मशीनच्या आतून, पोर्ट ३३०६) दिसलं की निवांत, ०.०.०.०:३३०६ दिसलं की तो सगळ्या इंटरफेसवर ऐकतोय, मग मधे फायरवॉल (बाहेरची कनेक्शन अडवणारी भिंत) आहे का ते बघा.

आणि तिथेच एसएस संपतं, कारण फायरवॉलचं त्याला काहीच कळत नाही. एनमॅप बाहेरून दार ठोठावतं, ओपन, क्लोज्ड की फिल्टर्ड (मधेच अडवलेला) ते सांगतं. फक्त ते नुसतं चालवलं तर नेहमीचे १००० टीसीपी पोर्टच बघतं, सगळे ६५५३५ हवे असतील तर तसं सांगावं लागतं, आणि यूडीपी (टीसीपीसारखाच दुसरा प्रोटोकॉल) स्कॅन म्हणजे चहा करून या.

मी स्वतः फसलोय. यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सवरचं सोपं फायरवॉल) सगळं बंद केलं आणि निश्चिंत झोपलो, पण डॉकरने (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं टूल) पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला न जुमानता उघडाच, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलचे मूळ नियम) स्वतःचे नियम घालतं. घरून एनमॅप मारलं तेव्हा कळलं. पोर्ट १२७.०.०.१ ला बांधला, मिटलं.

माझं मत विचाराल तर रोजच्याला एसएस, नवीन काही लावलं की एनमॅप. फक्त स्वतःच्याच सर्व्हरवर मारा हां, दुसऱ्याच्या नको.