ईजीआरची तपासणी: नाना पेठेतील एका गॅरेजचा अनुभव

माझी 2012 साली पुण्यात नोंदवलेली डिझेल हॅचबॅक यंदाच्या पावसाळ्यात खंबाटकीच्या चढावर ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर निघे, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरे आणि चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला असे. एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, त्यावर पी 0402 हा कोड, म्हणजे ईजीआरमधून (इंजिनातून बाहेर पडलेला थोडा वायू पुन्हा आत सोडणाऱ्या यंत्रणेतून) प्रमाणाबाहेर वायू जात असल्याची नोंद, पाहिली आणि गाडीला हातही न लावता त्या यंत्रणेचा पूर्ण व्हॉल्व्ह बदलण्याचे 14,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले. दुसरे मत घ्यावे म्हणून मी नाना पेठेतील या लहान गॅरेजात गेलो.

येथील मिस्त्रींनी प्रथम हे समजावून सांगितले की माझ्या गाडीत ईजीआरचा प्रवाह थेट मोजला जात नाही. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला सेन्सर किती ताजी हवा आत आली ते मोजतो आणि ती अपेक्षेपेक्षा कमी भरली की उरलेली जागा धुराड्याकडून परत आलेल्या वायूने भरली असावी, असे इंजिनचा संगणक धरून चालतो. त्यामुळे फिल्टर चोंदलेला असो, सेन्सर मळलेला असो किंवा व्हॉल्व्ह खरोखरच उघडा राहिलेला असो, कोड तोच येऊ शकतो. फिल्टर आणि सेन्सर पाहून झाल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्हला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी (याच व्हॅक्यूमच्या ओढीने व्हॉल्व्ह उघडतो) काढली व तिचे तोंड बंद केले. थरथर त्याच क्षणी थांबली आणि स्कॅनरवर ताज्या हवेचा आकडा वर चढला. नळी काढताच व्हॉल्व्ह नीट बंद होत होता, म्हणजे दोष त्याच्यात नव्हता. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन व्हॉल्व्हमधला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम, तो धरून ठेवतो की नाही, हेही त्यांनी पाहिले. तोही शाबूत होता.

मग नळीला गेज लावून ते गाडी चालवायला घेऊन गेले. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर ईजीआर बंद व्हायला हवा आणि गेजचा काटा शून्याकडे यायला हवा. माझ्या गाडीत तो वरच अडकून राहत होता. व्हॉल्व्हला व्हॅक्यूम देणाऱ्या आणि तोडणाऱ्या सोलेनॉइडचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेचे, हवा घेण्याचे छिद्र धूळ आणि तेलकट चिखलाने बुजले होते. सोलेनॉइड बदलला, व्हॉल्व्हवरची काजळी काढली, गॅस्केट नवे घातले. तपासणीसह बिल 3,600 रुपये झाले.

व्हॉल्व्हच्या जागी पत्र्याची पट्टी लावून ईजीआर कायमचा बंद करण्याविषयी मीच विचारले होते. त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि याच गोष्टीसाठी मला या गॅरेजविषयी सर्वाधिक आदर वाटतो. परत फिरवलेल्या वायूमुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. मात्र पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची केवळ घनता मोजली जाते, त्यामुळे पट्टी लावलेली गाडीही विनासायास उत्तीर्ण होते आणि तो विषारी वायू श्वासावाटे आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

उणिवाही नोंदवायला हव्यात. काम एका दिवसाचे सांगून गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली, बिल हस्तलिखित होते आणि त्यावर सोलेनॉइडच्या वॉरंटीचा उल्लेख नव्हता. तो मी आग्रहाने लिहून घेतला. गॅरेजासमोर गाडी लावायला जागा जवळपास नाहीच.

दुरुस्तीनंतर दोन महिन्यांत दिवा पुन्हा लागलेला नाही आणि खंबाटकी आता तिसऱ्या गिअरवर सहज चढते. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, काजळी व ऑइलच्या वाफेचा डांबरासारखा थर साचलेला आहे. तो काढण्याचे काम पुढच्या सर्व्हिसला याच गॅरेजकडे देणार आहे.