लागोपाठ दोन रात्री: गोलकीपर तोच की दुसरा?
सोलापुरात पहाटे उठून एनएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) बघणारा माझा पुतण्या विचारतो, "काका, लागोपाठ मॅच असल्या तर गोलकीपर बदलावा का?"

थकव्याच्या बाबतीत दुसरा सरस. प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, बरोबरी सुटेपर्यंत 20-20 मिनिटांचा जादा वेळ चालतो. एवढं खेळून गुडघे एका दिवसात सावरत नाहीत, आणि बाजूला सरकायला जरा उशीर झाला की गोल. लय मात्र पहिल्याकडेच. बचावपटूंनाही त्याची सवय असते. तरी बदलाची भीती मला पटत नाही. 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने प्लेऑफची सुरुवात ग्रुबावर या गोलकीपरने केली, कप दुसऱ्या गोलकीपरने, होल्टबीने, जिंकून दिला.

पहिली मॅच 60 मिनिटांत संपली तर तोच ठेवा. लांबली तर दुसरा उतरवा. पण तो महिनाभर खेळलाच नसेल तर पहिलाच बरा.