वीस सेलचा डिस्प्ले, पर्किन्स आणि पाटी: एका कापूस हंगामानंतर

मी बोटानं वाचतो तो ब्रेल डिस्प्ले म्हणजे ठिपके वर-खाली होऊन अक्षरं उमटवणारी पट्टी; एका अक्षराची जागा म्हणजे एक सेल. त्याच्या सातव्या सेलातला चार नंबरचा ठिपका वर येऊन बसला, तो खाली जायचं नाव घेत नाही. सर्व्हिसवाला म्हणतो, "एका ठिपक्यानं काय होते?"

होते बाप्पा! चार नंबर वर अडकला की 'क'चा 'म' होतो, 'ल'चा 'प'. 'काय'ची 'माय' होते. शब्दांचं निभून जातं, पुढच्या अक्षरावर बोट गेलं की कळतं. आकड्यांचं काय? १ चा ३, २ चा ६, ५ चा ४, ८ चा ७, आणि चुकीचा आकडाही खराच वाटतो. पोरीनं कापसाची काटापट्टी (वजन-भावाची पावती) वाचली, मी भाव टाइप केला ७,२००. रात्री नेमका तो २ सातव्या सेलात आला आणि बोटाला लागले ७,६००. तासभर घरात वाद.

दुरुस्तीला नागपूरला पाठवला. महिन्यानं तसाच परत: आत धूळ गेली, वॉरंटीत बसत नाही. भाव वाढेपर्यंत आमच्या घरात कापूस भरलेला असतो. इथं बिनधुळीची खोली कुठून आणू?

हिशेबाला पर्किन्सच, म्हणजे ब्रेलचा टाइपरायटर. १९५१ चं यंत्र (आपल्या भाषांची ब्रेल लिपी, भारती ब्रेल, तीही त्याच सालची), वजन जवळपास पाच किलो, रात्री चालवलं तर अख्खं घर उठतं. पण ओळीत ४२ सेल मावतात. नाव, क्विंटल, भाव, रक्कम एका ओळीत, आणि रकमांवरून बोट वरून खाली फिरवत बेरीज करता येते. वीस सेलांच्या एका ओळीत हे जमतच नाही. जाड कागद महाग, म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं वापरतो.

पाटी-स्टायलस (ब्रेल टोचायची खाचांची पाटी आणि टोचणी) बाजारात न्यायला बरी, खिशात मावते. उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं, वाचायला कागद काढून पालटायचा. व्यापारी घाईत असला की तेवढा वेळ मिळत नाही.

इथवर लिहून ठेवलं तेव्हा डिस्प्ले विकायचं नक्की होतं. मग दोन-तीन दिवस लाइन नव्हती, पर्किन्स वाजवली तर म्हातारी ओरडते, आणि मी अंधारात पडल्या पडल्या डिस्प्लेवर मेमरी कार्डातली कादंबरी वाचत होतो. तीच छापील ब्रेलमध्ये घेतली तर जाडजूड खंडांचा ढीग होतो. शिवाय टॉकबॅक (फोनवरचं वाचून दाखवणारा आवाज) ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, बोटाला कळतं. पोरीच्या निबंधातले 'दिन' आणि 'दीन' त्यावरच पकडले. विकत नाही.

आता रक्कम चेकवर लिहितात तशी आकड्यात आणि पुढं अक्षरात टाकतो. सेल बदलायला सर्व्हिसवाल्यानं सांगितलेल्या पैशात आमच्या बाजारात दुभती शेळी येते. तूर निघाल्यावर पाहू.