कागदी चार्ट, डिव्हायडर आणि हातातलं होकायंत्र: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

किनाऱ्यालगतचं नौकानयन शिकायला घेतलं तेव्हा टॅब्लेटवर चार्टचं, म्हणजे समुद्री नकाशांचं, अ‍ॅप होतंच. तरी शिकवणाऱ्या सरांच्या आग्रहाखातर कागदी कामाचा सगळा संच घेतला. सरावाचे चार्ट, पॅरलल रूलर, चौकोनी प्लॉटर, पितळी डिव्हायडर, २बी पेन्सिली, मऊ खोडरबर आणि हातात धरून बेअरिंग, म्हणजे दूरच्या खुणेची दिशा, घ्यायचं होकायंत्र. सुरुवातीचे महिने हे सगळं शिकण्यात गेले आणि अलीकडे नव्याने येणाऱ्यांना तेच शिकवते आहे. त्यामुळे आता यावर मत द्यायला हरकत नाही.

माझं मत असं की शिकण्यासाठी हा संच पडद्यापेक्षा सरस आहे. अचूकपणात उपग्रह केव्हाच पुढे गेले, तो मुद्दाच नाही. कागदावर मारलेल्या प्रत्येक रेघेला ‘हे कशावरून?’ असं विचारता येतं आणि उत्तर तुमच्याकडे असावं लागतं. पडद्यावरची इवलीशी बोट आपली जागा दाखवते, पण त्या जागेवर किती विश्वास टाकायचा ते सांगत नाही. ते ठरवण्याची सवय मला या साधनांनी लावली, म्हणून खाली प्रत्येक साधनाबद्दल लिहिताना मी तीच कसोटी लावली आहे.

आधी रेघा मारायचं साधन. पॅरलल रूलर टेबलावर छान चालतो. दोन पट्ट्या आळीपाळीने सरकवत कोर्सच्या, म्हणजे जायच्या दिशेच्या, रेघेपासून चार्टवर छापलेल्या दिशाचक्रापर्यंत न्यायच्या आणि अंश वाचायचे. बोट एका बाजूला कलली की मात्र पट्टी निसटते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बोटीवर मी चौकोनी प्लॉटरच वापरते. त्याची कड कोर्सच्या रेघेवर ठेवायची, मधली चकती फिरवून तिच्यावरच्या रेघा रेखांशांशी समांतर करायच्या की अंश तिथल्या तिथे वाचता येतात, दिशाचक्रापर्यंत जावं लागत नाही. यात एक धोका आहे. प्लॉटरवरचा बाण जायच्या दिशेकडे नसेल तर उत्तर बरोबर १८० अंशांनी उलटं येतं. म्हणून चकतीला हात लावायच्या आधी मी सगळ्यांकडून अंदाज बोलून घेते: ईशान्येला जायचंय, म्हणजे आकडा ० ते ९० मध्येच आला पाहिजे. हा अंदाज अंगवळणी पडला की उलटं उत्तर आपोआप डोळ्यांत खुपतं.

डिव्हायडर शक्यतो एका हाताने उघडता-मिटता येईल असा वरून गोलाईचा घ्यावा, कारण बोटीवर दुसरा हात कशाला तरी धरून ठेवण्यात गुंतलेला असतो. अंतर मोजायचं ते चार्टच्या उभ्या कडेवर. अक्षांशाचा एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वरच्या किंवा खालच्या आडव्या कडेवरचे रेखांशाचे मिनिट अंतरासाठी चालत नाहीत, कारण रेखांश ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात आणि ६० अंश अक्षांशावर रेखांशाचा मिनिट अर्ध्या मैलावर येतो. मर्केटरने १५६९ मध्ये आपल्या नकाशात हे रेखांश समांतर ठेवले आणि त्याची भरपाई म्हणून अक्षांशांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढवत नेलं. त्यामुळे एकाच दिशेचा कोर्स चार्टवर सरळ रेघेत येतो. पण उभ्या कडेवरचा मिनिटही सगळीकडे सारख्या लांबीचा राहत नाही, म्हणून आपण चार्टच्या ज्या उंचीवर आहोत तिथल्याच कडेवर मोजायचं. नव्या माणसाला हे नियम म्हणून सांगितलं तर तो विसरतो. मोठ्या भागाचा चार्ट पसरून कडेच्या तळाशी आणि माथ्याशी एकेका अंशाची लांबी डिव्हायडरने स्वतः ताडून पाहिली की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता होकायंत्र. संचात सगळ्यात जास्त हात बसावा लागतो तो इथे, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं तेही इथेच. डेकवर पाठ कशाला तरी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोळ्यांच्या पातळीवर धरायचं आणि दूरची एखादी खूण, समजा दीपगृह, त्याच्या रेघेवर आणायची. तबकडी कधीच स्थिर राहत नाही. ती ०५२ ला जाते, ०६८ ला येते, मग ०५५. दोन-तीन हेलकावे जाऊ द्यायचे आणि मधला आकडा, ०६०, मोठ्याने बोलायचा. जवळ लोखंड नको, मोबाईलचं चुंबकवालं कव्हर नको, पोलादी काड्यांचा चष्माही नको. हे यंत्र बोटीवर कुठेही उभं राहून वापरायचं असल्यामुळे त्याला डेव्हिएशनचा, म्हणजे बोटीवरच्या लोखंडामुळे येणाऱ्या चुकीचा, तक्ता करता येत नाही. स्वच्छ जागा निवडणं हाच त्यावरचा उपाय. मग दिशाचक्रावरून त्या भागातलं व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन, काढायचं. तिथे कोणत्या वर्षाचं आणि दरवर्षी किती बदलतं हे छापलेलं असतं. ते ४ अंश पश्चिम असेल तर ०६० चे खरे ०५६ होतात आणि ती रेघ चार्टवर जाते.

अशा तीन खुणा घेतल्या, एकमेकींपासून साधारण ६० अंशांवर, की फिक्स, म्हणजे बोटीची चार्टवरची जागा, मिळतो. पुढची किंवा मागची खूण आधी घ्यायची आणि आडवी, म्हणजे बोटीच्या बगलेतली, शेवटी, कारण बोट पुढे सरकते तसं आडव्या खुणेचं बेअरिंग सगळ्यात झपाट्याने बदलतं. शेवटचा आकडा मिळताक्षणी घड्याळ आणि लॉग, म्हणजे कापलेलं अंतर मोजणारं यंत्र, वाचायचं.

आणि तरी तिन्ही रेघा एका बिंदूत मिळत नाहीत. एक छोटा त्रिकोण पडतो. नव्या मुलांचे चेहरे तिथे उतरतात आणि कुणीतरी विचारतंच, “मॅडम, मग बोट नेमकी आहे कुठे?” शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ या त्रिकोणावर घालवते. त्याच्या मधोमध टिंब मारून मोकळं व्हायचा मोह होतो, पण बेअरिंगमधल्या चुका दोन्ही बाजूंना सारख्याच संभवत असतील तर बोट त्या त्रिकोणाच्या आत असण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. हे ऐकून लोक दचकतात. मग मी हिशोब मांडते. लाटांवर छोट्या बोटीतून घेतलेल्या बेअरिंगमध्ये ३ अंशांची चूक सहज होते, आणि ४ मैलांवरच्या खुणेसाठी ती जवळजवळ ४०० मीटर भरते. म्हणून जवळच्या खुणा लांबच्या खुणांपेक्षा चांगल्या. म्हणून त्रिकोणाचा जो कोपरा खडकांच्या सगळ्यात जवळ, तिथेच आपण आहोत असं धरून पुढचा कोर्स ठरवायचा. आणि दोन खुणा एकामागे एक येऊन एका ओळीत दिसत असतील तर सगळं सोडून आधी ती रेघ घ्यायची. तिला होकायंत्र लागत नाही आणि तिच्याइतकी पक्की रेघ हाताने दुसरी मिळत नाही. हे सगळं शहाणपण त्या वेड्यावाकड्या त्रिकोणातून येतं, आणि पडद्यावर तो त्रिकोण कधीच पडत नाही.

प्रवाहाचा त्रिकोण हा या संचाचा दुसरा मोठा फायदा. समजा ०९० खऱ्या दिशेला ४.८ मैल जायचंय, बोटीचा वेग ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल, आणि प्रवाह तासभर १८० कडे १.५ नॉटने वाहणार आहे. सुटायच्या जागेपासून प्रवाहाची १.५ मैलांची रेघ दक्षिणेकडे काढायची आणि तिच्यावर तीन बाण. तिच्या टोकावर डिव्हायडरचं एक टोक रोवून ५ मैलांची फाक करायची आणि कोर्सच्या रेघेला कुठे छेद जातो ते पाहायचं. या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेघेवर एक बाण. तिची दिशा येते सुमारे ०७३. सुकाणू धरणाऱ्याला तेच सांगायचं, अर्थात व्हेरिएशन मिळवून, म्हणजे ४ अंश पश्चिम असेल तर ०७७. मूळ रेघेवर दोन बाण, आणि तिच्यावर प्रत्यक्ष कापलेलं अंतर साधारण ४.८ मैल. बाणांची ही पद्धत आणि फिक्सच्या खुणा सगळीकडे एकसारख्या नाहीत, अमेरिकी पद्धतीत काही वेगळ्या आहेत. आपल्या गटात एकच धरून ठेवावी. अ‍ॅपमध्ये हेच काम एका बोटाने होतं. पण नाक १७ अंश उत्तरेकडे धरूनही बोट सरळ पूर्वेला का सरकते आहे हे ज्याने स्वतः काढलंय, तो सुकाणूवर घाबरत नाही आणि मधेच कोर्सही बदलत नाही.

भरतीच्या उंचीसाठी बारा भागांचा नियम सगळ्यांना येतो: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकूण फरकाच्या बारा भागांपैकी तासागणिक १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. फरक ३.६ मीटर आणि ओहोटीची पातळी ०.८ असेल तर दोन तासांनी पाणी १.७ मीटर. चार्टवर अधोरेखित ०.५ म्हणजे तो पट्टा चार्टच्या शून्य पातळीपेक्षा तेवढा वर आहे, तेव्हा तिथे उरलं १.२ मीटर. १ मीटर खोल बुडणारी बोट मी तिथे नेणार नाही. हा नियम अंदाजाचा आहे, आणि जिथली भरती वेडीवाकडी चढते तिथे तो लावूच नये.

अ‍ॅप मी रोज वापरते आणि वापरत राहीन. तक्रार मात्र आहे. एका अपडेटनंतर खोलीचे आकडे मीटरऐवजी फुटांत दिसू लागले आणि कुठेही सूचना आली नाही. सोबत कागद उघडा होता म्हणून फरक लगेच नजरेत आला. तेव्हापासून मी कुठलाही चार्ट, पडद्यावरचा असो की कागदाचा, उघडला की आधी एकक वाचायला लावते. जुने चार्ट वावांतही असतात आणि एक वाव म्हणजे ६ फूट.

दुसरा मुद्दा झूमचा. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्व्हो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर रात्री आदळली. खलाशी सगळे वाचले. इलेक्ट्रॉनिक चार्ट पुरेसा मोठा करून न पाहिल्यामुळे त्या खडकांचं खरं स्वरूप ध्यानात आलं नाही, हे नंतरच्या चौकशीत स्पष्ट झालं. शर्यतीतले मुरलेले लोक होते ते. कागदावर एकदा छापलेला खडक बोटांच्या चिमटीने नाहीसा होत नाही. अ‍ॅपवर कोर्स आखल्यावर पूर्ण रेघ मोठ्या झूमवर टोकापासून टोकापर्यंत सरकवून पाहणं मी सक्तीचं केलं आहे.

आणि चार्टचीही एक खात्री असते. इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये ती झोन ऑफ कॉन्फिडन्सच्या, म्हणजे कुठला भाग किती भरवशाचा हे सांगणाऱ्या प्रतींच्या, रूपात दिलेली असते. ए१ प्रतीच्या भागात जागेची चूक ५ मीटरच्या आसपास, बी मध्ये ५० मीटर, सी मध्ये ५०० मीटर. डी त्याहून वाईट. म्हणजे उपग्रहाने आपली जागा काही मीटरांत दिली तरी ज्या खडकाला टाळायचंय तोच अर्धा किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो. कागदी चार्टवर एका कोपऱ्यात सर्वेक्षणांची वर्षं दाखवणारा छोटा नकाशा असतो. सराव सुरू करायच्या आधी मी तो कोपरा सगळ्यांना वाचायला लावते.

संचाच्या उणिवाही आहेत. कागद भिजतो, घडीवरची अक्षरं झिजतात आणि छोट्या बोटीत तो पुरता उघडायला जागा मिळत नाही. खलाशांसाठीच्या सूचना वाचून दुरुस्त्या स्वतः जांभळ्या शाईने कराव्या लागतात आणि ते काम कंटाळवाणं आहे. शिवाय कागद मिळणंच कठीण होत चाललंय. अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामान संस्थेने पारंपरिक कागदी चार्ट बंद केले. त्यांच्या संकेतस्थळावर हव्या त्या भागाचा चार्ट स्वतः तयार करून छापता येतो, आणि सरावासाठी तो उत्तम आहे. अ‍ॅडमिरल्टी चार्ट काढणाऱ्या ब्रिटिश कार्यालयाने २०२२ मध्ये कागद थांबवायचं जाहीर केलं होतं, पुढे ते किमान २०३० पर्यंत लांबवलं. म्हणून संच घ्यायचा असेल तर साधनांवर खर्च करावा. चार्ट सरावाचे, काल्पनिक किनाऱ्याचे असले तरी चालतात. पैसे कमी असतील तर रूलर सोडा, प्लॉटर घ्या, आणि होकायंत्रात काटकसर करू नका. स्वस्त यंत्राची तबकडी इतकी डुलते की मधला आकडा धरताच येत नाही.

रात्रीच्या सरावासाठी एक गोष्ट आधीच घेऊन ठेवा. लाल दिव्याने डोळ्यांची अंधाराची सवय टिकते हे खरं, पण त्या उजेडात चार्टवरच्या जांभळट-किरमिजी खुणा जवळजवळ दिसेनाशा होतात, आणि दिव्यांच्या खुणा व मनाई असलेले भाग नेमके त्याच रंगात छापलेले असतात. हवा तितका मंद करता येणारा पांढरा दिवा घ्या.