अंडी खरी, जोडी खोटी

‘प्रूव्हन पेअर (खात्रीची जोडी) आहे, तीनदा अंडी दिलीत,’ असं सांगून मला रॅम माशांची जोडी विकली गेली. वर फोटो. सपाट दगडावर अंडी, आणि दोन्ही मासे पहाऱ्याला. फोटो खरा होता, म्हणून तर फसलो.

रॅम हा दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला बुटका मासा. नर-मादी दोघं मिळून दगड साफ करतात, अंड्यांना पंखांनी वारा घालतात, पिल्लं सांभाळतात. माझ्या टाकीतही आठवड्याभरात हे सगळं सुरू झालं. दगडाजवळ कुणी फिरकलं की दोघं एकदम अंगावर जायचे. मी खूश. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी, म्हणजे वाया गेलेली; तिसऱ्या दिवशी बुरशी.

विक्रेत्याकडे उत्तर तयार होतं : ‘पाणी जड असेल.’ गंमत म्हणजे हे पटण्यासारखंच आहे. रॅमला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. मी आरओचं पाणी आणलं, तापमान २८ अंशांवर ठेवलं. पुन्हा पांढरी. ‘नवखे आईबाप आहेत, शिकतील.’ तीनदा अंडी दिलेले नवखे कसे, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. या सल्ल्यांत मासे परत घ्यायची मुदत मात्र निघून गेली.

चौथ्या वेळी टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलो. एक मासा अंड्यांची ओळ लावून बाजूला झाला. आता दुसऱ्याने नुसतं वरून फिरून वीर्य सोडायला हवं होतं. तर त्यानेही मागे अंड्यांची ओळच सोडली! दोघांच्याही पोटाखालची, अंडी किंवा वीर्य सोडायची नळी जाड, बोथट. नराची बारीक, टोकदार असते. दोन्ही माद्याच. नर नसला की दोन माद्या असा संसार मांडतात. मादीची खूण असलेलं गुलाबी पोट आधीच दिसलं होतं, पण एकीच्या पाठीवरचे लांब काटे दाखवून ‘हा नर’ म्हणून सांगितलं गेलं होतं. फार्ममध्ये वाढवलेल्या रॅममध्ये नुसत्या काट्यांवर जाऊ नका.

अंड्यांचा फोटो हा पुरावाच नव्हे. पोहती पिल्लं आणि त्यांना घेऊन फिरणारे दोन्ही पालक एकाच व्हिडिओत मागा. खरी जोडीसुद्धा टाकी बदलली की कधी कधी मोडते, म्हणून ‘प्रूव्हन’ला जादा पैसे मोजण्यापेक्षा मी आता सहा छोटे रॅम घेऊन त्यांचं त्यांना जमू दिलं असतं.

शेवटी जाब विचारला तर म्हणाला, ‘मी अंडी दिलीत म्हटलं होतं, पिल्लं दिलीत म्हटलं नव्हतं.’

त्या दोघी माझ्याकडेच आहेत. काल पुन्हा दगड घासत होत्या.