गाडी घरी ठेवून डोंगरात: एसटी आणि पीएमपीने केलेल्या भटकंतीचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून यंदाच्या मेअखेरपर्यंत मी आणि माझी मैत्रीण पुण्याच्या आसपासचे डोंगर स्वतःची मोटार न नेता हिंडलो. नियम एकच ठेवला होता: जिथवर एसटी किंवा पीएमपी, म्हणजे पुण्याची शहरबस, जाते तिथवर तिनेच जायचे आणि ती जिथे थांबते तिथून पुढे पायी किंवा गावातल्या जीपने. अशा एकंदर एकवीस फेऱ्या झाल्या. सिंहगड, राजगड, तोरणा, रोहिडा आणि पुरंदर हे जवळचे, तर हरिश्चंद्रगड हा एकच लांबचा. त्याआधीची दहा-बारा वर्षे आम्ही हेच गड मोटारीने जाऊन केलेले असल्यामुळे दोन्ही पद्धतींची तुलना मला अनुभवाने करता येते, आणि पन्नाशीला आलेल्या, वेगाने चालू न शकणाऱ्या दोन बायकांचा हा अनुभव आहे, एवढे ध्यानात ठेवून तो वाचावा.

खरा फरक पहिल्याच महिन्यात सिंहगडावर कळला. स्वारगेटहून सुटणारी पीएमपीची बस खडकवासल्यावरून थेट पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत जाते, त्यामुळे नवख्या माणसाने सुरुवात करावी ती याच वाटेने. चढ उभा आहे, पण वाट ठळक आहे आणि टप्प्याटप्प्यावर ताक नि लिंबू सरबत घेऊन बसलेल्या मावश्या भेटतात. आजवर आम्ही पुणे दरवाज्याने वर जायचो, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खायचो आणि पायथ्याशी लावलेली मोटार घ्यायला त्याच वाटेने खाली यायचो. कल्याण दरवाजा पाहिला होता, तो वरून डोकावून. या वेळी खाली काहीच ठेवलेले नसल्यामुळे आम्ही सरळ त्या दरवाज्यातून पलीकडे उतरलो. एकापाठोपाठ दोन दरवाजे, कडेला कोरलेले हत्ती आणि माहूत, आणि शके १६७२ मधला, बाळाजी बाजीराव पंडित प्रधान यांच्या कारकिर्दीचा उल्लेख करणारा शिलालेख, हे सगळे घाई न करता पाहता आले. समोर पुरंदर आणि वज्रगडाची जोडी ठेवून खालच्या कल्याण गावात पोचलो, तिथून कोंढणपूरपर्यंत चालत गेलो आणि स्वारगेटची बस धरली. ज्या गडावर मी किमान तीस वेळा गेले असेन, त्याची दुसरी बाजू मी त्या दिवशी प्रथमच पायाखाली घातली.

मोटार पायथ्याशी लावली की माणूस तिच्याशी बांधला जातो. चढ कितीही सुंदर असला तरी उतरायचे त्याच ठिकाणी असते. बसने गेलेल्या माणसाला एका गावातून चढून दुसऱ्या गावात उतरता येते, आणि सह्याद्रीतल्या बहुतेक गडांना दोन, तीन, कधी चार वाटा असताना ही मोकळीक फार मोलाची आहे. बसने जाण्याचे इतरही फायदे आहेत, पण मी या पद्धतीकडे वळले ते या एका कारणासाठी, आणि दहा महिन्यांनंतरही माझे मत तेच आहे.

राजगडाने या पद्धतीचा लाभही दाखवला आणि तिची किंमतही. स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणारी एसटी नसरापूर फाट्याला सातारा रस्ता सोडून आत वळते. मार्गासनीला उतरायचे, आणि साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत जीप मिळाली तर जीपने, नाहीतर पायी. गुंजवण्याची वाट झाडीतून जाते, शेवटी कातळ आणि रेलिंग लागते, आणि चोर दरवाज्यातून अंग आवरून आत शिरले की समोर पद्मावती तळे येते. उतरण्यासाठी आम्ही पाली दरवाजा धरला, कारण तो प्रशस्त आहे, त्याला बांधीव पायऱ्या आहेत आणि खाली वाजेघरच्या बाजूने वेल्हे रस्त्याला लागता येते.

ऑक्टोबरचा महिना होता. बालेकिल्ल्यावर आम्ही ठरवल्यापेक्षा तासभर जास्त रमलो, आणि उतरायला लागणारा वेळ मी जुन्या आठवणीवर धरला होता, हीच चूक झाली. पायऱ्या संपल्यावर पावसाने उघडी पडलेली मुरमाड वाट लागली. वरचा थर वाळलेला, खालचा अजून ओलसर, आणि मध्ये हरभऱ्याएवढे खडे, असा तो घसारा होता. मैत्रिणीचा गुडघा जुना दुखरा आहे. ती एक पाऊल आडवे टाकायची, काठी रोवायची, दुसरा पाय त्याच्याशेजारी आणून ठेवायची आणि मगच पुढचा विचार करायची. त्या दीडेकशे फुटांना आम्हाला पाऊण तास लागला. खाली रस्त्यावर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटची गाडी निघून गेली होती. गावोगावचे दूध गोळा करून निघालेल्या एका टेम्पोवाल्या दादांनी आम्हाला महामार्गावरच्या चेलाडीपर्यंत, म्हणजे नसरापूर फाट्यापर्यंत, आणून सोडले आणि पैसे घेतले नाहीत. महामार्गावर आल्यावर मात्र चिंता उरली नाही, कारण साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्या गाड्या तिथे उशिरापर्यंत मिळत राहतात.

त्या दिवसापासून आम्ही दिवसाची आखणी उलट्या बाजूने करतो. परतीची शेवटची गाडी कोणती हे आधी ठरवायचे, तिच्या आधीची गाडी आपली मानायची, तिथून उतरायचा वेळ दीडपट धरून मागे यायचे, आणि जो तास निघेल त्या तासाला, जिथे असू तिथून, गडाला पाठ दाखवायची. तोरण्यावर या हिशेबापायी झुंजार माचीवर न जाताच परतावे लागले. हळहळ वाटली, पण पश्चात्ताप झाला नाही.

गाड्यांच्या वेळा हा या साऱ्या खटाटोपाचा कणा आहे, आणि त्या बाबतीत इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या वेळापत्रकांपेक्षा स्थानकाच्या चौकशी खिडकीवर मला कितीतरी अधिक भरवशाची माहिती मिळाली. त्याहून भरवशाचा माणूस म्हणजे सकाळी ज्या गाडीने आपण जातो तिचा वाहक. उतरताना त्याला परतीच्या गाड्या विचारल्या तर तो वेळेबरोबरच ती गाडी रविवारी असते की नाही हेही सांगतो. हा प्रश्न आवर्जून विचारावा. आडगावांच्या पुष्कळ गाड्या शाळा-कॉलेजच्या वेळेशी बांधलेल्या असतात, त्यामुळे नेमक्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शहरातला माणूस डोंगरात जातो त्या दिवशी, त्या कमी होतात. आम्ही शक्य तेव्हा शनिवार निवडू लागलो. मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून भल्या पहाटे शहराकडे निघणारी, ही दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. गावात कुणाकडे राहण्याची सोय असेल तर संध्याकाळी तिच्यातून जाता येते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गडाचा निम्मा चढ मागे पडतो. फाट्यावर उभे असताना मात्र रस्त्याच्या बरोबर बाजूला, वळणाच्या पुढे आणि हात वर करून उभे राहावे. वळणावर उभ्या असलेल्या माणसासाठी चालकाला गाडी सुरक्षितपणे थांबवता येत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. साध्या एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली, तरी १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट असल्यामुळे आम्हा दोघींचा मिळून प्रवास एका पूर्ण तिकिटात होतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि पूर्वी मोटारीत डुलक्या घेत जाताना जे आजोबा-आजी मला कधी दिसले नव्हते ते आता वेल्ह्याच्या गाडीत शेजारी बसून पावसाचा, भाताचा नि मुंबईतल्या लेकाचा हालहवाल सांगतात. मेमध्ये विंझरला चढलेल्या एका मावशींच्या पाटीत पळसाच्या पानांचे द्रोण भरून करवंदे होती. स्वारगेटला विकायला निघालेल्या त्या मालातले दोन द्रोण मार्गासनी यायच्या आतच आम्ही घेतले, आणि डोंगरात दिवसभर हिंडूनही आम्हाला न सापडलेली जाळी नेमकी कुठल्या ओढ्याच्या कडेला आहे हेही त्यांच्याकडूनच कळले.

हरिश्चंद्रगडाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरण्याचा सर्वांत मोठा आनंद तिथे मिळाला. पुण्यातल्या वाकडेवाडी स्थानकाहून आळेफाटा, आळेफाट्याहून कल्याण शहराकडे जाणारी गाडी, आणि माळशेज घाट सुरू होण्याच्या आधी खुबी फाट्याला उतरायचे. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरपर्यंत सुमारे पाच किलोमीटर चालावे लागते. ही चाल अनेकांना कंटाळवाणी वाटते. मला ती फार आवडली. डिसेंबरची संध्याकाळ होती, डावीउजवीकडे पाणी आणि गवत, आणि समोर ज्या डोंगरावर उद्या जायचे तो हळूहळू काळा होत जाणारा. रात्री खिरेश्वरात एका घरी राहिलो, पहाटे टोलार खिंड गाठली, खिंडीवरचा रेलिंगचा कातळटप्पा चढलो आणि पुढच्या चढउतारांतून हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी आलो. केदारेश्वराच्या लेण्यातल्या कमरेएवढ्या पाण्यातून शिवलिंगाला प्रदक्षिणा घालायचे धाडस मैत्रिणीने केले, मी काठावर बसले. कोकणकडा पाहून आम्ही खिरेश्वरला परत न जाता पाचनईला उतरलो. ती वाट सौम्य आहे, दुखऱ्या गुडघ्याला मानवणारी आहे. चढलो तेव्हा जुन्नर तालुक्यात होतो, उतरलो तो अकोले तालुक्यात. पाचनईहून जीपने राजूर, तिथून एसटीने अकोले, संगमनेर आणि नाशिक रस्त्याने पुणे, असा परतीचा प्रवास लांबला खरा, पण मोटार खिरेश्वरात उभी असती तर ही वाट आमच्या नशिबात नव्हती.

पुरंदरला एकदाच गेलो. गड लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे ओळखपत्र लागते आणि वेळेचे बंधन आहे, तेव्हा नारायणपूरची सकाळची गाडी चुकली तर जाण्यात अर्थ नाही. तोरण्याला एसटी थेट पायथ्याच्या वेल्ह्यात सोडते, ही मोठी सोय. मात्र सोंडेवर सावली नाही, त्यामुळे फेब्रुवारीनंतर पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्यावे. रोहिड्याकडे फार कमी लोक वळतात याचे मला वाईट वाटते. स्वारगेटहून भोरच्या गाड्या भरपूर आहेत, भोरहून बाजारवाडी जवळ आहे, चढ तासाभराचा आहे, आणि तिसऱ्या दरवाज्यापाशी एका बाजूला मराठी नि दुसऱ्या बाजूला फारसी शिलालेख पाहायला मिळतो. लहान मुलांना घेऊन बसने कुठे जावे, असे कुणी विचारले तर मी या गडाचे नाव घेते.

कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची लांब वाट आम्ही जानेवारीत दिवसाउजेडी केली. दोन्ही टोकांना बस असल्यामुळे या पद्धतीला ती अगदी जुळते. तिथे एका खिंडीत कुणीतरी रंगवलेले बाण एकमेकांच्या विरुद्ध दिशा दाखवत होते आणि आम्ही अर्धा तास ढोरवाटेवर भरकटलो. ज्यांनी ते रंगवले त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण चुकीचा बाण नसलेल्या बाणापेक्षा जास्त घातक असतो. नवा रंगवण्याआधी जुना पुसावा, एवढी विनंती करावीशी वाटते.

सामानाच्या बाबतीत एकच सवय सुचवते. पाठपिशवी मांडीवर मावेल एवढीच घ्यावी, आणि पावसाळ्यात बुटांची माती चढण्याआधी काटकीने खरवडून काढावी. त्याच गाडीत शेजारी कुणीतरी बाजाराला किंवा लग्नाला नेसून निघालेले असते.

ज्यांना सूर्योदय गडावर पाहायचाच आहे, ज्यांच्यासोबत आजारी माणूस आहे किंवा ज्यांना ठरल्या मिनिटाला घरी पोचणे भाग आहे, त्यांनी मोटारच न्यावी. बाकीच्यांना, विशेषतः जे गड अनेकदा करून कंटाळले आहेत त्यांना, मी हीच पद्धत मनापासून सुचवीन. आमची मोटार या दहा महिन्यांत डोंगराकडे एकदाही गेली नाही.

पाऊस ओसरला की आम्हाला रायरेश्वर आणि केंजळगड एका दमात करायचे आहेत: भोरकडून कोर्ल्याला जाऊन चढायचे आणि पलीकडे खावलीला उतरून वाई गाठायची. कोर्ल्याच्या गाड्यांच्या वेळा भोर स्थानकात विचारून वहीत उतरवल्या आहेत. खावलीहून वाईला येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ कुणाला ताजी ठाऊक असेल तर ती जरूर कळवावी, आणि ती रविवारी असते का, हेही.