लहान रीफ टँकसाठी डीसी वेव्हमेकर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायचा टँक. माझा ७५ लिटरचा, दोन फूट लांब, मागच्या बाजूला फिल्टरचे कप्पे. आत लेदर आणि झोअँथिड हे मऊ कोरल, एक हॅमर, एक टॉर्च आणि वरच्या खडकावर मॉन्टिपोरा हे कठीण सांगाड्याचे. रिटर्न पंप कप्प्यांतून पाणी फिरवतो, पण खडकामागे त्याचा जोर पोचत नाही. म्हणून काचेला चुंबकाने चिकटणारा छोटा डीसी वेव्हमेकर घेतला, म्हणजे टँकमध्ये प्रवाह आणि लाटा तयार करणारा, वेग कमी-जास्त करता येणारा पंप. आता तो रोजच्या वापरात मुरलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पंप घेताना सगळे पहिला हिशेब मांडतात तो ‘तासाला टँकच्या किती पट’ पाणी पंप फिरवतो याचा. मऊ कोरलला १० ते २० पट, एलपीएसला (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल, जसे हॅमर, टॉर्च; पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक तोंडवाला जीव) २० च्या आसपास, एसपीएसला (लहान पॉलिपचे, जसा मॉन्टिपोरा) ४० आणि त्याहून जास्त, असा या छंदातला ढोबळ अंदाज. माझ्याकडे बहुतेक मऊ आणि एलपीएस, तेव्हा त्या हिशेबाने मला तासाला १५०० लिटर पुरावेत. पण लहान टँकमध्ये नुसत्या आकड्यावर भागत नाही. इथे पंपाच्या तोंडापासून कोरल जेमतेम हातभर लांब. तेवढंच पाणी बारीक तोंडातून धार होऊन आलं, तर समोरच्या टॉर्चचं मांस सांगाड्यावरून फाटतं आणि शेजारच्या कोपऱ्यात गाळ तसाच बसून राहतो. रुंद प्रोपेलरमधून पसरून आलं, तर तोच टॉर्च मजेत डोलतो. जुन्या घडणीचे पॉवरहेड (पाण्यात बुडवायचे छोटे पंप) धार मारतात, प्रोपेलरवाले पाणी ढकलतात. लिटरमागे धावण्याआधी हे पाहावं.

आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला कमाल प्रवाह सोडून किमान प्रवाह शोधावा. बऱ्याचदा तो छापलेलाच नसतो, विचारून घ्यावा लागतो. कंट्रोलर सर्वांत खाली आणूनही पंप वाळू उडवत असेल, तर लहान टँकच्या मालकाला त्याचे दहा मोड काय कामाचे? माझा पंप बराच खाली उतरतो, आणि त्यावर मी खूश असण्याचं मुख्य कारण हेच.

मोडपैकी मी अनियमित लाटेचा ठेवला आहे. कोरल जागचं हलत नाही. ऑक्सिजन, अन्न, क्षार सगळं त्याच्यापर्यंत पाण्यानेच आणायचं. त्याच्या अंगालगत साचल्या पाण्याचा एक पातळ थर असतो. प्रवाह जोर आणि दिशा बदलत आला की तो थर विरळ होतो, अंगावरचा चिकट स्राव आणि कचराही निघून जातो. सतत एकाच बाजूने मारा असेल, तर त्या बाजूचे पॉलिप मिटून राहतात. रात्रीसाठीचा मंद मोड मात्र मी बंदच केला. दिवे गेले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन सगळ्यांचं चालूच, त्यामुळे ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही उतरतात. तेव्हा तर पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा!

जागा ठरवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो तसाच जावा. पंप आखूड बाजूच्या काचेवर, पृष्ठभागाच्या थोडा खाली, तोंड समोरच्या लांब काचेकडे तिरकं. काचेवर आपटून पाणी फुटतं आणि खडकामागून वळून येतं. पारख सोपी आहे: पिपेटने खडकावरचा गाळ उडवायचा आणि तो कुठे जाऊन बसतो ते पाहायचं. जिथे बसतो तिथेच पुढे सायनोची (सायनोबॅक्टेरिया या जीवाणूंची) लालसर चादर पसरण्याची शक्यता जास्त. पीठासारखी बारीक वाळू असेल, तर ही खटपट दुप्पट होते. एक-दोन मिलिमीटरचा दाणा बराच सोसतो.

तक्रारी आहेत. वीज जाऊन आली की कंट्रोलर सेटिंग विसरतो आणि पंप पूर्ण वेगाने सुटतो. घरी कोणी नसताना वीज गेली, तर वाळूचं वादळ ठरलेलंच. पंप घेताना हा एक प्रश्न जरूर विचारा. खाऊ घालतानाचं फीड बटण छान आहे, ते दाबलं की पंप दहा मिनिटं थांबून आपोआप सुरू होतो. आवाज सुरुवातीला नव्हताच. नंतर घरघर येऊ लागली, ती चुन्याच्या थरामुळे. पंप सोडवून अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी अशा मिश्रणात तासभर चालवला आणि जुन्या टूथब्रशने घासला की पूर्ववत होतो. हे दर दोन-तीन महिन्यांनी करावंच लागतं, कारण घरघर ऐकू येण्याच्या आधीच प्रवाह घटलेला असतो. अ‍ॅनिमोन (कोरलचाच नातेवाईक, पण जागा बदलत फिरणारा मऊ जीव) पाळणार असाल, तर तो पंपात ओढला जाऊ नये म्हणून तोंडावर स्पंजचं आवरण हवं, आणि तो स्पंज पंपापेक्षा कितीतरी लवकर तुंबतो.

इतर पर्यायांत व्हॉरटेकचा एमपी१० मोटर काचेबाहेर ठेवतो, त्यामुळे वायर पाण्यात नाही आणि मोटरची उष्णता बरीचशी बाहेरच. थोड्या पाण्याला हा फायदा मोठा. गायर प्रकारचे पंप पाण्याचा रुंद पट्टा सोडतात. लांब टँकमध्ये ते शोभतात, दोन फुटांत त्यांना मोकळं व्हायला जागाच नाही. दुसरा वेव्हमेकर जोडायचा विचार मी सोडून दिला, त्यापेक्षा खडकांची रचना थोडी पोकळ केली आणि पाणी आपोआप आत शिरलं. टँक ४० लिटरच्या आतला आणि आत फक्त मऊ कोरल असतील, तर वेव्हमेकर घेऊच नका; रिटर्नच्या तोंडाला फिरता नोझल लावा, तेवढ्यात काम होतं.